‘संकटात’ की ‘संकटाबद्दल’?

श्रद्धा आणि कृतज्ञता यांचं नातं जुनं आहे. अरबीत ‘शुक्र’ म्हणजे आभार, आणि त्याला विरोधी शब्द ‘कुफ्र’, म्हणजे कृतघ्नता, अश्रद्धा. ‘कुफ्र’च्या धातूचा मूळ अर्थ झाकणं. पालीतली ‘कतञ्ञुता’ आणि आपली ‘कृतज्ञता’ या दोन्हींत केलेलं जाणणं आहे. मिळालेलं झाकायचं नाही, एवढं या शब्दांना पुरतं. पण जे मिळालं ते दुःखच असेल तर काय करायचं?

आभार संकटात मानायचे की संकटाबद्दल, हा सगळा घोळ एका विभक्तीचा आहे. इ.स. 50च्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिलेल्या एका ख्रिस्ती पत्रात सर्व स्थितींत उपकार माना, असं सांगितलंय. तिथे अव्यय ‘एन’ म्हणजे ‘मध्ये’. त्याच परंपरेतल्या दुसऱ्या पत्रात मात्र ‘ह्युपेर’ आलं, म्हणजे ‘बद्दल’. पहिल्या वाक्यात माणसाला रडायची मुभा राहते. दुसरं शब्दशः घेतलं, तर मूल गेलेल्या आईने त्या जाण्याबद्दलही हात जोडायचे. 1630च्या दुष्काळात पोळलेल्या एका संतकवीने त्या दुष्काळालाच ‘बरं झालं’ म्हटलं, हे खरं. पण ते त्याने स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं. दुसऱ्याच्या दुःखावर तेच वाक्य ठेवलं की ते क्रूर होतं. उपदेशकांनी हा फरक वारंवार पुसला, आणि माझ्या मते या शिकवणीचं सर्वांत मोठं नुकसान त्यानेच झालं. 1755मध्ये पोर्तुगालच्या लिस्बनला ऐन सणाच्या सकाळी, प्रार्थनामंदिरं भरलेली असताना भूकंप झाला. ‘जे होतं ते भल्यासाठीच’ हे म्हणणं त्यानंतर युरोपात पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही.

1863चं अमेरिकेतलं फर्मान या बाबतीत नीट वाचण्यासारखं आहे. यादवी ऐन भरात असताना राष्ट्राध्यक्षांनी नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार आभारासाठी ठरवला. आभार होते ते पिकांचे, खाणींचे. युद्धासंदर्भात मात्र राष्ट्राच्या चुकांची कबुली होती आणि विधवा-अनाथांसाठी प्रार्थना.

दुःखातही अर्थ शोधण्याचा धागा पुढच्या शतकात ठळक झाला. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या, आई-वडील, भाऊ आणि पत्नी गमावलेल्या एका मनोविकारतज्ज्ञाने 1946मध्ये लिहिलं, की परिस्थितीकडे कसं पाहायचं हे स्वातंत्र्य कुणी हिरावू शकत नाही. टाळता येणारं दुःख मात्र टाळायलाच हवं, असंही त्याने पुढे बजावलं. हे दुसरं वाक्य फारसं कुणी उद्धृत करत नाही.

मग संशोधक आले. 2003च्या प्रसिद्ध प्रयोगांत काहींना आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. पहिल्या गटाचं मन अधिक प्रसन्न राहिलं. त्यांतल्या एका प्रयोगात मज्जा-स्नायूंच्या आजाराचे रुग्णही होते. त्याआधी, 2001मध्ये, रुग्णालयातल्या 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. देवाने आपल्याला टाकलं, आपल्यावर त्याचं प्रेम आहे की नाही, अशा शंकांनी ग्रासलेल्यांचा पुढच्या दोन वर्षांतला मृत्यूचा धोका जास्त आढळला. म्हणजे श्रद्धा आधार देते तशी ती जखमही करू शकते, आणि अशा माणसाला ‘आभार मान’ म्हणण्याआधी त्याची तक्रार ऐकून घ्यायला हवी.

मार्च 2020मध्ये महामारी पसरली तसे इंटरनेटवर प्रार्थनेचे शोध जगभर वाढले. लोक शोधत होते त्या प्रार्थनांत विषाणूपासून रक्षणाची विनवणी होती, बळ मागणं होतं, आणि परिचारिकांचे आभार होते.