पगारापलीकडचा खर्च : शाळांमधल्या स्थानिक वाट्याची पार्श्वभूमी

जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पगार वजा जाता उरणाऱ्या खर्चाचा. वीजबिल, गळकं छप्पर, स्वच्छतागृहातलं पाणी, पडलेली संरक्षक भिंत. रकमा लहान, पण शाळा चालते की नुसती उघडी असते हे त्यांच्यावर ठरतं.

स्थानिक वाट्याची कल्पना जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड नावाचा उपकर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या जोतीराव फुल्यांच्या गाजलेल्या निवेदनाने विचारलं होतं की महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांकडे का वळतो? पुढे १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे दिल्या, १९३८मध्ये बरंचसं नियंत्रण सरकारने परत घेतलं, आणि १९४७च्या कायद्याने नवी घडी बसवली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हा शाळा त्यांच्या झाल्या, पगार सरकारी अनुदानातून होत राहिले आणि बाकी गोष्टींसाठी परिषदेचा स्वतःचा सेस फंड, म्हणजे उपकरातून जमणारा पैसा, उरला.

हा सेस सगळीकडे सारखा नाही. त्याचा जुना आधार शेतसारा, आणि तो वाढत्या खर्चापुढे केव्हाच किरकोळ ठरला. जमीन खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कातला एक टक्क्याचा अधिभार हा त्या मानाने भक्कम स्रोत. त्यातला वाटा ग्रामपंचायतींनाही जातो. पण जमिनीचे व्यवहार पुणे, ठाणे, रायगडकडे होतात. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये कुणी बंगल्याचे प्लॉट पाडत नाही, म्हणून तिथल्या शाळेचं छप्पर कमी गळतं असं नाही. शहरांतही गुंता आहेच. अनेक महापालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षणाच्या नावाने दोन ओळी असतात, एक महापालिकेची आणि दुसरी राज्याची. राज्याचा शिक्षण कर १९६२च्या कायद्याने आला. तो गोळा करायचा महापालिकेने आणि भरायचा सरकारी तिजोरीत.

आजची परिस्थिती समजायला मात्र शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ वाचावं लागतं. त्याच्याकडे कुणी फारसं पाहत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायची अनुदानं त्या आराखड्याच्या आधारे ठरवायची, असं ते कलम स्पष्ट सांगतं. म्हणजे आधी गरज मोजायची, मग पैसा. १ एप्रिल २०१०पासून हा कायदा लागू आहे. समित्या झाल्या, आराखड्यांचे नमुने भरले गेले, फायली केंद्रप्रमुखांमार्फत वर गेल्या. पैसा मात्र दुसऱ्याच हिशेबाने येत राहिला.

तो हिशेब २०१८मध्ये आणखी आवळला गेला. तोवरच्या सर्व शिक्षा अभियान या केंद्राच्या योजनेत शाळा अनुदान वेगळं होतं आणि देखभाल दुरुस्तीचं वेगळं. प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिकला ७ हजार. देखभालीसाठी तीन खोल्यांपर्यंत ५ हजार, त्याहून जास्त खोल्या असल्या तर १० हजार. शिवाय शिक्षकामागे ५०० रुपये. रकमा तुटपुंज्याच, पण निदान खोल्या मोजल्या जात होत्या. तिच्या जागी समग्र शिक्षा ही योजना आल्यावर हे सगळं एका संयुक्त शाळा अनुदानात विरलं आणि मोजणी पटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येवर आली. पंधरापर्यंत पट असेल तर साडेबारा हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार आणि हजाराच्या वर एक लाख. २०२१च्या सुधारणेत खालचा टप्पा तीस पटापर्यंत ताणला आणि रक्कम १० हजारांवर आणली. वीस पोरांची दोन खोल्यांची वाडीवरची शाळा कालपर्यंत २५ हजारांच्या टप्प्यात होती, ती १० हजारांवर आली. पत्रे तेवढेच राहिले, पाऊसही तेवढाच. त्या १० हजारांतलाही दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखून ठेवायचा.

या निर्णयाच्या बाजूने मुद्दा आहे, तो नाकारत नाही. मुलं जास्त तिथे खडू, कागद, पाणी जास्त लागतं, आणि मोठ्या शाळांवर आधी अन्याय होत होता. पण छप्पर डोकी मोजून गळत नाही. इमारतीचा खर्च आणि मुलामागचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची मोट बांधताना वाडी-तांड्यावरच्या शाळा बाहेर पडल्या.

उरलेली फट भरायला एक शब्द आला : लोकसहभाग. २०१५च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणी उभी राहिली, डिजिटल वर्ग झाले, भिंती रंगल्या. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. गावकऱ्यांची ती माया खरी होती आणि तिचा मान राखलाच पाहिजे. तरी कायद्यातला स्थानिक वाटा म्हणजे स्थानिक संस्थेची जबाबदारी, आणि वर्गणी म्हणजे ऐपत. बागायती गावात दोन सभांमध्ये लाखभर रुपये जमतात. ज्या तांड्यावरून दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला जातात, तिथे वर्गणी कुणाकडे मागायची?

सप्टेंबर २०२३मध्ये शाळा दत्तक योजना आली. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, रोख नव्हे तर वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि इच्छा असेल तर शाळेच्या नावाला आपलं नाव जोडून घ्यायचं. मोठ्या महापालिकांमध्ये पाच वर्षांसाठी दोन कोटी, ग्रामीण भागात ५० लाख असं मूल्य ठरलं. शाळा विकायला काढल्याची टीका झाली, आणि मालकी व व्यवस्थापन सरकारकडेच राहील असं उत्तर आलं. ते उत्तर खरं आहे. पण दत्तक देण्याआधी आईबापांनी काय करायचं ठरलं होतं, ते कलम २२मध्ये लिहिलेलं आहे. आणि देणगीदार शाळा निवडणार ती रस्त्यालगतची, फोटो चांगला येईल अशी.

त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सुरू झाली. शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या मार्च २०२४च्या निकषांनी शिक्षकांची पदंही पटाला आणखी घट्ट बांधली. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना नियमित शिक्षकाचं पद नाही. पगार सरकार देतं, यावर वाद नाही, असं वर म्हटलं आहे. लहान शाळांपुरतं ते वाक्य आता तितकंसं पक्कं राहिलेलं नाही.