भयखेळदर्शन

भयखेळदर्शन : भीतिदायक व्हिडिओ गेम स्वतः न खेळता तो खेळणाऱ्या यूट्यूबरचे किंवा स्ट्रीमरचे (इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याचे) चित्रण पाहण्याचा प्रघात. ही संज्ञा नोंदीच्या सोयीसाठी योजली आहे. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर आणि निपाणी या सीमाभागातील मराठी बोलण्यात ‘हॉरर गेमप्ले’ किंवा नुसते ‘भुताचा गेम’ एवढ्यावर काम भागते. ‘काल रात्री भुताचा गेम बघितला’ या वाक्यातील ‘बघितला’ हे क्रियापद कोणाला खटकत नाही. खेळ ही बघण्याची गोष्ट आहे, हे कुस्तीच्या मैदानांमुळे या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. येथे फरक इतकाच, की मूळ खेळ खेळणाऱ्याला घाबरवण्यासाठी रचलेला असतो आणि प्रेक्षक ती भीती उसनी घेतो.

उगम : या प्रघाताच्या आरंभाविषयी एकमत नाही. मतभेदाचे मूळ बहुधा असे, की दोन वेगळ्या गोष्टींचा उगम एकच धरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे ‘लेट्स प्ले’ हा प्रकार, ज्यात खेळता खेळता बोलत राहून तो खेळ इतरांना दाखवला जातो. ‘समथिंग ऑफुल’ या अमेरिकी संकेतस्थळाच्या सभासदांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास पडद्याची स्थिरचित्रे आणि त्यांखाली मजकूर अशा स्वरूपात तो रूढ केला, असे सामान्यतः मानले जाते. बोलक्या चित्रफितीचा पहिला नमुना म्हणून त्याच संकेतस्थळाचे सभासद मायकेल सॉयर यांनी २००७ च्या सुमारास ‘द इमॉर्टल’ या १९९० मधील खेळावर केलेल्या फितींचा उल्लेख केला जातो. हा मान मुख्यतः त्याच वर्तुळातील आठवणींवर आधारलेला असल्यामुळे तो ‘ज्ञात नमुन्यांपैकी पहिला’ एवढ्याच अर्थाने घ्यावा. जपानमध्ये २००३ पासून ‘गेमसेंटर सीएक्स’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू होता. त्यात शिन्या अरिनो हे विनोदी कलाकार जुने, अवघड खेळ खेळताना पुनःपुन्हा हरतात आणि प्रेक्षक ते हरणे चवीने पाहतात. या कार्यक्रमालाच आद्य मानणारा एक पक्ष आहे. दुसऱ्याचे खेळणे आणि खेळताना होणारी त्याची फजिती हा पाहण्याचा विषय आहे, हे त्या कार्यक्रमाने आधीच ओळखले होते. तरी इंटरनेटवरील प्रकाराशी त्याचे थेट नाते दाखवता येत नाही. तिसरे मत घरगुती आहे. टीव्हीला जोडायच्या यंत्रात ‘कॅसेट’ घालून थोरला भाऊ खेळतो आणि धाकटी भावंडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बघत राहतात, हा अनुभव भारतातील शहरी मध्यमवर्गाला १९९० च्या दशकात आलेला आहे. मात्र हा उगम नव्हे, फार तर पूर्वसंस्कार म्हणता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे या प्रकारात भीतीला आलेले मध्यवर्ती स्थान. ते मात्र २०१० नंतरचेच दिसते. भीतिदायक खेळ त्याआधीही होते : जपानी ‘स्वीट होम’ (१९८९), फ्रेंच ‘अलोन इन द डार्क’ (१९९२), ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा शब्दप्रयोग रूढ करणारा ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) आणि यंत्राला दूरचे दृश्य रेखाटणे झेपत नाही ही उणीव दाट धुक्याने झाकून त्या धुक्यालाच भयाचे साधन करणारा ‘सायलेंट हिल’ (१९९९). परंतु हे खेळ प्रेक्षक मनात धरून बांधलेले नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने ‘अम्नेशिया : द डार्क डिसेंट’ आणला. त्यात नायकाच्या हाती शस्त्र नाही. अंधारात थांबले तर त्याचे मन ढासळते आणि राक्षसाकडे टक लावून पाहिले तरीही ढासळते. फेलिक्स शेलबर्ग (प्यूडीपाय) या स्वीडिश तरुणाचे नाव याच खेळाच्या फितींनी सर्वदूर पोचले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याची वाहिनी यूट्यूबवर सर्वाधिक वर्गणीदारांची ठरली. जून २०१२ मधील ‘स्लेंडर’ हा फुकट मिळणारा छोटा खेळ, त्यातील बिनचेहऱ्याचा उंच माणूस आणि गोळा करायची आठ पाने यांनी ही लाट वाढवली.

ऑगस्ट २०१४ हा महिना या इतिहासात विशेष महत्त्वाचा मानावा लागतो. त्या महिन्यात आलेल्या स्कॉट कॉथन यांच्या ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या खेळात रात्रपाळीचा पहारेकरी बारापासून सहापर्यंत एका खोलीत बसून कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर यंत्रबाहुल्यांची हालचाल तपासतो. दारे बंद ठेवावीत तर वीज संपते आणि उघडी ठेवावीत तर बाहुली आत येते. म्हणजे येथे खेळाडूच मुळात प्रेक्षक आहे आणि यूट्यूबवर बघणारा हा प्रेक्षकाचा प्रेक्षक होतो. मार्क फिशबाक (मार्किप्लायर) यांची ख्याती या खेळाशी कायमची जोडली गेली. त्याच महिन्यात प्लेस्टेशनवर ‘पी. टी.’ हा घराच्या एकाच बोळातून पुनःपुन्हा फिरवणारा नमुनाखेळ प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१५ मध्ये तो दुकानातून काढून घेण्यात आला. तेव्हापासून ज्यांच्या यंत्रात तो आधीच उतरवलेला होता त्यांच्याखेरीज सर्वांसाठी तो केवळ दुसऱ्याने खेळलेला पाहण्याचा खेळ उरला. बोळ संपतो तेथेच पुन्हा सुरू होतो, ही त्याची युक्ती मराठी वाचकाला ‘चकवा’ या एका शब्दात सांगता येते.

भीतीची घडण : खेळातील भीतीचे दोन थर मानण्याची पद्धत आहे. पहिला थर दचकण्याचा. अचानक मोठा आवाज झाला, की क्षणार्धात पापणी मिटते, मान आखडते आणि खांदे वर येतात. लँडिस आणि हंट यांनी १९३९ मध्ये वेगवान चित्रीकरणाच्या आधारे या प्रतिक्रियेचे तपशीलवार वर्णन केले. ती प्रतिक्षिप्त क्रिया असल्यामुळे ‘हे खोटे आहे’ या ज्ञानाने पूर्णपणे थांबत नाही, पण वारंवार घडली की बोथट होते. केवळ ‘जंप स्केअर’वर (अचानक दचकवण्यावर) उभा असलेला खेळ तासाभरात शिळा होतो, तो यामुळे. दुसरा थर धास्तीचा आहे. त्यात भीतीची वस्तू दाखवायची नसते, तिची वाट पाहायला लावायचे असते. गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांच्या १८२६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात ‘टेरर’ आणि ‘हॉरर’ असा जो भेद केला आहे, तो या दोन थरांशी ढोबळमानाने जुळतो.

बघणाऱ्याच्या बाबतीत धास्तीला आणखी एक कारण मिळते. खेळाडूच्या हाती निदान थांबण्याची सोय असते, कारण दार उघडायचे की नाही हे तो ठरवतो. बघणाऱ्याच्या हाती तेही नसते. बोळाच्या टोकाला असलेल्या दाराकडे खेळाडू निघतो तेव्हा बघणारा ओरडू शकतो, पण त्याला अडवू शकत नाही. थेट प्रक्षेपणात त्याने लिहिलेली सूचना काही सेकंद उशिरा पोचते, तोवर दार उघडलेले असते. बघण्यात धोका कमी म्हणून भीतीही कमी, हे मत प्रचलित असले तरी ते अपुरे वाटते. पराभवाचा त्रास कमी होतो हे खरे, परंतु वाट पाहण्याचा ताण कमी होत नाही. शिवाय कोपऱ्यातील छोट्या चौकटीत खेळाडूचा चेहरा दिसत असतो. चेहरा, श्वास आणि आवाज यांतून भावना एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होते, याविषयी मानसशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. दचकण्यानंतर येणाऱ्या हसण्याचे स्पष्टीकरण डॉल्फ झिलमन यांच्या उत्तेजन-संक्रमणाच्या सिद्धांताने बऱ्यापैकी होते. भीतीने चढलेला देहाचा ताण लगेच ओसरत नाही आणि उरलेला ताण सुटकेच्या आनंदाला मिळून तो आनंद वाढवतो. पडद्यावरील माणूस ओळखीचा वाटू लागणे यासाठी हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीसंदर्भात योजलेली ‘आभासी सामाजिक संबंध’ ही कल्पना येथेही लागू पडते.

भरताच्या नाट्यशास्त्रातील भयानक रसाचे विवेचन या संदर्भात सहसा उद्‌धृत होत नाही, हे नवलाचे आहे. त्यातील विभावांच्या (भाव जागवणाऱ्या कारणांच्या) यादीत विकृत आवाज, भूतप्रेतांचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओसाड घर व अरण्यात जाणे हे सारे आहे. आजच्या कोणत्याही भयखेळाचा आराखडा याहून फार वेगळा नसतो. हातापायांचा कंप, भिरभिरणारी नजर, रोमांच आणि बदललेला स्वर हे अनुभाव (भावाची बाहेर दिसणारी चिन्हे) तर कोपऱ्यातील चौकटीत अक्षरशः दिसतात. अधिक उपयोगी पडते ते भयानकाचे त्रिविध वर्गीकरण : व्याजाने (सोंगाने) येणारे भय, अपराधातून येणारे भय आणि वित्रासितक म्हणजे प्रत्यक्ष त्रासातून येणारे भय. स्ट्रीमरची किंकाळी खरी की प्रेक्षकसंख्येसाठी काढलेली, हा वाद नेहमीचा आहे. व्याजभय हाही रसाचाच एक प्रकार मानला, की त्या वादाची धार बरीच कमी होते. प्रेक्षकाला सोंग कळते आणि तरीही तो दचकतो.

तांत्रिक बाजू : खेळाचे चित्र इंटरनेटवरून पाठवताना दाबून लहान करावे लागते आणि या दाबण्याचा सर्वांत मोठा फटका अंधाऱ्या दृश्यांना बसतो. गडद छटांमधील सूक्ष्म फरक नाहीसे होऊन त्यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसू लागतात. नेटवर्क मंद असले, की १४४ किंवा २४० रेषांच्या चित्रात कोपऱ्यातला अंधार स्वतःहून हलल्यासारखा भासतो आणि बघणारा मूळ खेळात नसलेल्या गोष्टीलाही घाबरतो. आवाजाचे उलट आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला खोल, खर्जातील ध्वनी पेलत नाहीत, त्यामुळे भीतीचा पायाच निखळतो. इअरफोन लावल्यावर तो परत मिळतो.

सीमाभागातील स्थिती : या भागात भयखेळदर्शन पसरले ते मुख्यतः मोबाइलवरून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला. भारी संगणक किंवा प्लेस्टेशन परवडत नसलेल्या घरांतही महागडे खेळ निदान पाहता येऊ लागले. २०१७ च्या अखेरीस आलेला ‘ग्रॅनी’ हा मोबाइलवर चालणारा खेळ येथे आवर्जून नोंदवावा लागेल, कारण तो बघता आणि खेळताही येत होता. म्हातारीच्या बंद घरातून पाच दिवसांत सुटायचे आणि हातून एखादी वस्तू पडली तरी ती आवाजाच्या दिशेने येते, एवढाच त्याचा मामला. खेळाचे नाव भाषांतरित करायचे झाले तर बोलीतील मराठीला आणि कन्नडला ‘आज्जी’ हा एकच शब्द पुरतो. २०२० मधील ‘फॅस्मोफोबिया’पासून चौघांनी मिळून भूत शोधण्याचे खेळ वाढले आणि किंकाळीच्या जोडीला टोळक्याची आपसांतली चेष्टामस्करी आली.

भाषेची स्थिती मिश्र आहे. निवेदन बहुतांशी हिंदी (अजय नागर यांच्या ‘कॅरीइजलाइव्ह’सारख्या वाहिन्या) किंवा इंग्रजी असते. मराठी आणि कन्नड शब्द येतात ते पडद्याच्या अलीकडे. एका खाटेवर तिघे बसलेले, मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवलेला आणि एकाच इअरफोनच्या दोन गोळ्या दोघांच्या कानात अशा मांडणीत ‘मागं कोण तर हाय बघ’ आणि ‘होगब्याड’ (जाऊ नको) ही वाक्ये एका दमात ऐकू येतात. ती उद्देशून असतात स्ट्रीमरला, जो ती कधीच ऐकणार नाही. इअरफोनवाचून बसलेला तिसरा केवळ चित्रावर आणि इतर दोघांच्या खांद्यांवर नजर ठेवून घाबरतो. कन्नडमध्ये भुताला ‘देव्व’ म्हणतात. हा शब्द मराठी कानाला ‘देव’ असा ऐकू येतो आणि त्यावरून होणारा विनोद या भागात जुनाच आहे.

स्थानिक भुतांचा आणि या खेळांचा संबंध मात्र तुरळक दिसतो. मुंजा, हडळ, खवीस ही मंडळी पिंपळ, विहीर, ओढा अशा जागांना बांधलेली असतात. उलट खेळातील राक्षस इस्पितळे, तळघरे आणि पाश्चात्त्य धाटणीची लाकडी घरे यांत वावरतो. १९९० च्या दशकात कर्नाटकात पसरलेली ‘नाळे बा’ (उद्या ये) ही वदंता खेळाच्या रचनेला याहून जवळची आहे. रात्री दारावर थाप पडते, ओळखीच्या आवाजात हाक येते आणि दार उघडणाऱ्याचा घात होतो, म्हणून दारावरच ‘नाळे बा’ असे लिहून ठेवायचे. उघडायचे की नाही असे एक दार आणि पलीकडचा न दिसणारा कोणी एवढ्यावरच तिची सारी भीती उभी होती.

वयाचा प्रश्न पालक अधूनमधून काढतात. ॲपच्या दुकानात खेळावर वयोमर्यादा लिहिलेली असते, पण त्याच खेळाची फीत पाहताना ती मर्यादा बहुधा आड येत नाही. लहान मुलांनी यावर स्वतःचे उपाय शोधलेले आढळतात. धोक्याची जागा जवळ आली, की आवाज शून्यावर नेणे हा एक, आणि पडद्याच्या मोठ्या भागावर तळहात ठेवून कोपऱ्यातील खेळाडूचा चेहरा तेवढा पाहणे हा दुसरा. तो चेहरा हसला, की हात बाजूला होतो.