व्हिक्टोरियन झग्याचे ज्वलनशास्त्र

व्हिक्टोरियन काळातील इंग्रज स्त्रियांच्या पोशाखाविषयी एक गोष्ट समाजमाध्यमांवर अधूनमधून डोके वर काढते: कंबर मुठीत मावावी म्हणून त्या म्हणे शस्त्रक्रिया करवून खालच्या बरगड्या काढून घेत. या गोष्टीला समकालीन वैद्यकीय नोंदींचा विश्वासार्ह आधार नाही. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये मांडली. त्याआधी केवळ हौसेखातर असे काही करवून घेणे म्हणजे मरणाला आवतण होते. कंबर आवळून बांधणाऱ्या कॉर्सेटने श्वास अपुरा पडे, हे खरे. परंतु प्राणावर बेतण्याच्या बाबतीत कॉर्सेटपेक्षा कमरेखालचा झगा पुष्कळ पुढे होता, आणि त्यामागचे रसायनशास्त्र त्या बरगड्यांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

झगा फुलवण्यासाठी पूर्वी खळ घातलेले अनेक परकर एकावर एक नेसावे लागत. १८५६ मध्ये पोलादी क्रिनोलिनचे पेटंट घेतले गेले आणि हे ओझे उतरले. कमरेकडून पायांकडे मोठी होत जाणारी लवचीक पोलादाची कडी सुती पट्ट्यांनी एकाखाली एक टांगलेली, असा तो हलका पिंजरा होता. पाय मोकळे झाले, मात्र झग्याची कड अंगापासून हातभर दूर गेली. भिंतीतल्या उघड्या शेकोटीजवळून वळताना ती कड निखाऱ्यांना लागली, तर नेसणारीला त्याचा पत्ताही लागत नसे. शिवाय कापडाच्या आतल्या बाजूसही आता भरपूर हवा होती.

या पिंजऱ्यावर, विशेषतः नृत्याच्या मेजवान्यांसाठी, मलमल किंवा टार्लटन हे खळ दिलेले विरळ विणीचे सुती कापड चढवले जाई. कापूस जळतो असे आपण म्हणतो, परंतु ज्वाळेत जळत असते ती वाफ. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, अर्थात ग्लुकोजच्या एककांची लांबच लांब साखळी. तापमान ३०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की ही साखळी तुटू लागते आणि तिच्यापासून लेव्होग्लुकोसान नावाचे संयुग तयार होते. त्याची वाफ आणि त्याच्या विघटनातून निघणारे वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून पेटतात. त्या ज्वाळेची उष्णता शेजारच्या कापडाला मिळते, तिथली साखळी तुटते, आणखी वाफ निघते. हे चक्र किती वेगाने फिरेल, हे कापडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती वस्तुमान तापवायचे आहे यावर अवलंबून असते. वस्तुमान निम्मे असेल, तर तेवढ्याच उष्णतेने कापड साधारण निम्म्या वेळात त्या तापमानाला पोहोचते. त्यातच झगा उभा असतो. गरम वायू वर चढतात आणि अद्याप न पेटलेले वरचे कापड आधीच तापवून ठेवतात. म्हणून खालच्या कडेला लागलेली आग काही क्षणांत कमरेपर्यंत जाई.

ही ज्वलनशीलता मोजण्यासाठी पुढे विसाव्या शतकात एक निर्देशांक आला: ज्वाला टिकण्यासाठी सभोवतालच्या वायूत किमान किती टक्के ऑक्सिजन हवा? सुती कापडासाठी हा आकडा सुमारे १८ आहे, तर लोकरीसाठी सुमारे २५. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असल्यामुळे मलमल पेटत राहते आणि लोकर बहुधा विझते. 'नैसर्गिक ते सुरक्षित' हा मंत्र जपणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ही दोन्ही कापडे सारखीच नैसर्गिक आहेत.

उपाय ठाऊक नव्हता, असेही नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने १८२१ मध्येच अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड बुडवण्याची शिफारस केली होती. तापल्यावर अमोनियम फॉस्फेटमधून अमोनिया उडून जातो आणि फॉस्फोरिक आम्ल मागे उरते. हे आम्ल सेल्युलोजमधील हायड्रॉक्सिल गटांवर काम करून त्यातले हायड्रोजन व ऑक्सिजन पाण्याच्या रूपात बाहेर काढते. लेव्होग्लुकोसान तयार होण्याची वाट अशी अडल्यामुळे पेटणारी वाफ थोडीच निघते आणि कापडाचा काळा कोळसा होतो. मात्र गरम इस्त्री फिरवताच हीच विक्रिया अवेळी सुरू होऊन कापड बिघडते. म्हणून व्हर्समन आणि ओपनहाइम या रसायनतज्ज्ञांनी अनेक क्षार तपासले. इस्त्री सोसणारे सोडियम टंगस्टेट त्यांना धुलाईघरांसाठी योग्य वाटले, आणि राणीच्या धुलाईघरात त्याची चाचणीही झाली. १८५९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. अडचण एवढीच की हे क्षार पाण्यात विरघळतात. कपडा धुतला की संरक्षण गेले, आणि पुढच्या खळीत ते पुन्हा घालणे आले.

त्यापेक्षा मोठी अडचण दिसण्याची होती. क्षाराने मलमल ताठ आणि मळकट होते, अशी तक्रार होती. पॅरिसच्या ऑपेरातील तरुण नर्तकी एमा लिव्री हिने याच कारणासाठी प्रक्रिया केलेला घागरा नाकारला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिचा घागरा गॅसच्या दिव्याला लागून पेटला आणि आठ महिन्यांनी, जुलै १८६३ मध्ये, ती गेली. तिच्या हट्टाला नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्या रंगमंचावर तरंगणे हेच नर्तकीचे भांडवल होते, तिथे तिला दुसरे काय परवडणार होते?

धुण्यात न जाणारा क्षार शोधण्याचे काम पुढे विल्यम पर्किन (धाकटे) यांनी केले. कृत्रिम जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किनचे हे चिरंजीव. त्यांनी कापूस आधी सोडियम स्टॅनेटमध्ये आणि मग अमोनियम सल्फेटमध्ये बुडवून कथिलाचे न विरघळणारे ऑक्साइड थेट तंतूतच साठवले. तोवर विसावे शतक उजाडले होते आणि पोलादी कडी फॅशनमधून केव्हाच गेली होती. पर्किन यांच्यापुढचा प्रश्न होता फ्लॅनेलेटचा: गरीब घरांतल्या मुलांच्या रात्रीच्या कपड्यांसाठी वापरले जाणारे, लोकरीसारखे दिसणारे पण निखळ सुती असे लवदार कापड.