सोळा कोर म्हणजे सोळापट स्पीड? नाही ओ

सोलापुरात नवी पेठेत कॉम्प्युटर बघायला गेलं की हमखास ऐकायला मिळतं, "सोळा कोर आहेत साहेब, सगळं सोळापट पळतंय." पळत नाही. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग. पोस्टग्रेस या नावाजलेल्या डेटाबेसमध्ये तर २०१६ ला ९.६ व्हर्जन येईपर्यंत एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, एकाच कोरवर चालायची, बाकीचे पंधरा तिला हात लावायचे नाहीत.

समजा आपल्या मार्केट यार्डातल्या कांदा विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे पावत्या, दहा वर्षांच्या, एका टेबलात भरल्यात, काही कोटी ओळी, आणि तालुक्याप्रमाणे सरासरी भाव पाहिजे. डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे टेबलाचे सोळा सारखे भाग करा आणि एकेका कोरला देऊन टाका. इथंच घोळ होतो. हमालांना सकाळीच गाड्या वाटून दिल्या आणि एकाच्या वाट्याला सगळ्या भरगच्च गाड्या आल्या तर बाकीचे चहा पीत बसतात आणि काम त्या एकासाठी अडतं, त्यापेक्षा जो मोकळा होईल त्यानं पुढची गाडी घ्यायची. २०१४ मध्ये व्हिक्टर लाइस, थॉमस नॉयमन वगैरे मंडळींनी म्युनिकच्या हायपर डेटाबेससाठी हेच मांडलं, साधारण लाखभर ओळींचा एक तुकडा, कोर मोकळा झाला की पुढचा तुकडा उचलतो. डकडीबी हा दुसरा डेटाबेसपण याच वाटेनं जातो, तिथं १,२२,८८० ओळींचा गट असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. सोळा जणांनी एकाच वहीत बेरीज लिहायची म्हणलं तर कुलूप लावावं लागतं, एक लिहितोय तोवर बाकीचे थांबले. म्हणून प्रत्येक कोर स्वतःचं वेगळं हॅश टेबल, म्हणजे नाव दिलं की नोंद पटकन सापडणारी यादी, ठेवतो, बार्शी एवढी, मोहोळ एवढी, आणि शेवटी सगळी टेबलं एकत्र करतात. ते एकत्र करणंही वाटून होतं, तालुक्याच्या नावाचा हॅश, म्हणजे नावावरून ठराविक गणितानं निघणारा आकडा, काढून त्याच्या काही बिटांवरून (शून्य-एकच्या अंकांवरून) ठरतं की हा तालुका कुठल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे कप्प्यात, जाणार, मग एक पार्टिशन एकाच कोरकडे, त्यामुळं तिथंही कुलूप नको. पण सरासरीची सरासरी काढायची नाही हां. एका कोरकडे १००० भावाची एकच ओळ आणि दुसऱ्याकडे २००० च्या तीन, तर सरासरींची सरासरी १५०० येते, खरं उत्तर १७५०. म्हणून प्रत्येक जण बेरीज आणि संख्या दोन्ही पुढं पाठवतो, भागाकार अगदी शेवटी. मीडियनला, म्हणजे भाव ओळीनं लावल्यावर मधोमध येणाऱ्या भावाला, ही युक्ती चालतच नाही, तुकड्यांच्या मीडियनवरून अख्ख्याचा मीडियन निघत नाही, नेमका पाहिजे तर सगळे भाव विचारात घ्यावेच लागतात.

आणि काही काम वाटताच येत नाही. ते समजा १० टक्के असेल तर ॲमडाहलच्या नियमानं, म्हणजे न वाटता येणारं काम वेगाला किती अडवतं ते सांगणाऱ्या सूत्रानं, सोळा कोरवर फक्त ६.४ पट वेग मिळतो, आणि कोर कितीही वाढवले तरी दहापटीच्या वर नाही. खंडेनवमीला सर्व्हरला हार घाला, माझं काही म्हणणं नाही, पण रॅकला लिंबू-मिरची बांधून हे गणित हलत नाही, आणि जाहिरातीत "एआय-पॉवर्ड" लिहूनही नाही.

स्वतः बघायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या आधी एक्सप्लेन ॲनालाइज लिहा, क्वेरी कशी चालली ते दिसतं. टेबल ८ एमबीपेक्षा लहान असेल तर साधारणपणे पोस्टग्रेस मदतनीस, म्हणजे वर्कर, मागतच नाही, मोठ्याला डिफॉल्टनं जास्तीत जास्त दोन. उत्तरात 'वर्कर्स प्लॅन्ड' (ठरवलेले) २ आणि 'वर्कर्स लाँच्ड' (खरंच मिळालेले) ० दिसलं, तर बहुतेक त्या वेळी दुसऱ्या क्वेऱ्यांनी सगळे वर्कर अडवून ठेवलेले असतात.