पडदा मोठा, अक्षर लहान

मोबाइलवरचे एखादे ॲप सभागृहात सर्वांना दाखवायचे ठरले की पहिली चर्चा होते ती केबल आहे का आणि वायफाय चालते का याची. जोडणी एकदाची जमली आणि पडद्यावर चित्र उमटले की काम झाले असे आपण मानतो. तेवढ्यात शेवटच्या रांगेतले लोक माना पुढे काढून ‘काय लिहिलंय?’ असे शेजाऱ्याला विचारू लागतात. जोडणीचा प्रश्न खरा आहेच, पण त्याआधीचा प्रश्न डोळ्याचा आहे.

शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतः करता यावी यासाठी महाराष्ट्रात 2021 मध्ये आलेल्या ‘ई-पीक पाहणी’ ॲपचे उदाहरण घेऊ. गट क्रमांक निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, छायाचित्र काढायचे, हे सगळे ग्रामपंचायतीच्या सभागृहात जमलेल्या लोकांना दाखवायचे आहे असे समजा. फोनचा स्क्रीन 15 सेंटिमीटर उंच आणि पडदा दीड मीटर उंच असेल, तर चित्र दहापट मोठे होते, म्हणजे फोनवरचे 2 मिलिमीटरचे अक्षर पडद्यावर 2 सेंटिमीटरचे होते. हे भरपूर वाटते खरे, पण डोळ्याच्या लेखी अक्षराच्या उंचीपेक्षा त्या उंचीने डोळ्यापाशी केलेला कोन महत्त्वाचा असतो. हातातला फोन 30 सेंटिमीटरवर असताना ते अक्षर सुमारे 23 कलांचा कोन करते (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला), आणि 8 मीटर दूर बसलेल्या माणसासाठी पडद्यावरचे अक्षर जेमतेम साडेआठ कलांचा. दहापट मोठे केलेले अक्षर शेवटच्या रांगेत हातातल्या फोनपेक्षा जवळजवळ तीनपट लहान दिसते, ते असे.

नेत्रतपासणीच्या तक्त्यावर निकोप दृष्टीचा माणूस 5 कलांचे अक्षर ओळखतो, तेव्हा साडेआठ पुरेसे आहेत असे कोणी म्हणेल. परंतु तक्ता उजेडात टांगलेला असतो, त्यावर सुटी अक्षरे असतात आणि ती ओळखायला वेळ मिळतो. देवनागरी मजकुरात तर अक्षराहून लहान असलेल्या खुणांवर अर्थ अवलंबून असतो. अनुस्वाराचा ठिपका अक्षराच्या पाचव्या हिश्शाएवढा धरला तर शेवटच्या रांगेत तो पावणेदोन कलांचाही भरत नाही, आणि खिडक्यांतून ऊन येणाऱ्या दालनात फिकट पडलेल्या चित्रावर ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक आधी नाहीसा होतो.

यात भर पडते ती आकाराच्या विसंगतीची. आजचे फोन उभे आणि निमुळते, साधारण 9:20 या प्रमाणातले असतात, तर पडदा आडवा, 16:9 चा. 1080 गुणिले 2400 पिक्सेलचा उभा फोन 1920 गुणिले 1080 च्या प्रोजेक्टरवर बसवताना त्याची उंची 1080 वर आणावी लागते, मग रुंदी उरते 486. म्हणजे पडद्याचा तीन चतुर्थांश भाग काळा राहतो आणि फोनवरच्या दर पाच पिक्सेलांतला एकच शिल्लक राहतो. फोनवर 32 पिक्सेल उंच असलेले अक्षर 14 पिक्सेलांत कोंबले जाते, आणि जुन्या, 1024 गुणिले 768 च्या प्रोजेक्टरवर तर 10 पिक्सेलांत. यावर उपाय साधे आहेत, पण ते कार्यक्रमाच्या आधी करावे लागतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवावा, आणि ॲप आडवे होत असेल तर फोन आडवा धरावा. नुसते आडवे धरल्याने अक्षर जवळजवळ पावणेदोनपट वाढते. सभागृहाचा प्रोजेक्टर बदलून मागण्याआधी एवढे करून पाहायला हरकत नाही.

आता फोनकडून पडद्यापर्यंत चित्राच्या वाहतुकीकडे वळू. 1920 गुणिले 1080 च्या चित्रात सुमारे 20 लाख 74 हजार पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रे धरली तर दर सेकंदाला सुमारे 3 गिगाबिट माहिती पाठवावी लागते. एचडीएमआय केबल हा भार कच्च्या स्वरूपातच वाहून नेते. वायफायला ते झेपत नाही, म्हणून फोन चित्र आधी आवळतो. त्यासाठी सर्रास वापरली जाणारी एच.264 ही पद्धत 2003 सालची आहे. ती प्रत्येक वेळी पूर्ण चित्र न पाठवता मागच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच सांगते, त्यामुळे स्थिर पान जवळजवळ फुकटात जाते, आणि यादी भराभर सरकवली की चित्र क्षणभर चौकटी-चौकटींचे होते. शिवाय तिच्या नेहमीच्या प्रकारात उजेडाचा तपशील पूर्ण ठेवला जातो, पण रंगाचा तपशील चार पिक्सेलांना मिळून एकच नोंदवला जातो, कारण डोळा रंगाच्या कडांबाबत ढिला असतो. छायाचित्रात हे जाणवत नाही. निळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांत मात्र कडा विरघळलेल्या दिसतात.

केबल असली म्हणजे आवळणे टळले असेही नाही. ॲपलच्या फोनांच्या लाइटनिंग खाचेतून एचडीएमआय काढणाऱ्या जोडणीच्या (अडॅप्टरच्या) चित्रात बारीक डाग का दिसतात हे शोधण्यासाठी पॅनिक या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीतल्या मंडळींनी 2013 मध्ये ती जोडणी करवतीने कापून उघडली, तेव्हा आत चक्क एक छोटा संगणक निघाला. फोन व्हिडिओ आवळून पाठवत होता आणि जोडणी तो उलगडत होती. नव्या फोनांच्या यूएसबी-सी खाचेतून, फोनमध्ये तशी सोय असेल तर, चित्र थेट बाहेर येते. पण सोय नसलेल्या फोनची खाचही दिसायला हुबेहूब तशीच असते, म्हणून केबल विकत घेण्यापूर्वी फोनचे माहितीपत्रक वाचलेले बरे.

बिनतारी मार्गांत एक फरक फार लोक लक्षात घेत नाहीत. 2013 मध्ये आलेल्या, टीव्हीला लावायच्या क्रोमकास्ट या छोट्या उपकरणावर यूट्यूब ‘कास्ट’ केले की फोन चित्र पाठवत नाही. तो फक्त व्हिडिओचा पत्ता सांगतो आणि उपकरण स्वतः इंटरनेटवरून तो आणते. मिररिंगमध्ये, म्हणजे फोनचा स्क्रीन जसाच्या तसा पडद्यावर दाखवताना, मात्र फोनला प्रत्येक चित्र आवळून पाठवावे लागते आणि समोरच्या उपकरणाला ते उलगडावे लागते, त्यामुळे बोट लागणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत अंतर पडते. अँड्रॉइड फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडून चालणारी एससीआरसीपीवाय (scrcpy) ही मुक्त प्रणाली हे अंतर 35 ते 70 मिलिसेकंदांवर आणते, म्हणून प्रात्यक्षिकासाठी माझी पसंती तिलाच. महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या वायफायवर तर सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसरे दिसूच दिले जात नाही. घरी सुरळीत चालणारे कास्ट तिथे का सापडत नाही याचे उत्तर बहुधा हेच असते.

बँकेची ॲप्स दाखवताना पडदा काळा होतो तो बिघाडाने नव्हे. आपला स्क्रीन टिपू देऊ नये असे ॲप अँड्रॉइडला सांगू शकते आणि बँका ते सांगतात. उलट, बोट कुठे टेकते ते प्रेक्षकांना दिसत नाही, ही अँड्रॉइडवर डेव्हलपर पर्यायांतून सुधारता येणारी त्रुटी आहे. तो पर्याय सुरू केला की स्पर्शाच्या जागी ठिपका उमटतो.

मुळात दरवेळी चित्रच पाठवावे लागते असेही नाही. जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठाने तयार केलेले फिफॉक्स हे ॲप फोनमधल्या संवेदकांनी भौतिकशास्त्राचे प्रयोग करते. दोरीला फोन बांधून त्याचा लंबक केला तर त्याला केबल लावून चालणार नाही, आणि झुलणाऱ्या फोनचा स्क्रीन मोठा करून दाखवण्यातही अर्थ नाही. म्हणून हे ॲप फोनलाच छोटा वेब सर्व्हर बनवते. त्याने दिलेला पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की आलेख तिथे काढला जातो. फोनकडून सेकंदाला जातात ते काही किलोबाइटचे आकडे, आणि आलेखाची अक्षरे लॅपटॉपच्या आडव्या पडद्याला शोभतील अशी असतात. दोरी 1 मीटरची असेल तर जाऊन परत येण्याच्या एका झोक्याला 2 सेकंद लागतात, 25 सेंटिमीटरची केली तर 1 सेकंद, आणि हा फरक शेवटच्या रांगेतल्या विद्यार्थ्यालाही आलेखावर मोजता येतो. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यालाच जोडला, तर संस्थेच्या वायफायचीही गरज उरत नाही.