विश्वचषकाचे अमेरिकी हक्क: स्पॅनिश महाग, इंग्रजी स्वस्त

नोव्हेंबर 2005 मध्ये फिफाने 2010 आणि 2014 च्या फुटबॉल विश्वचषकांचे अमेरिकेतले प्रक्षेपण हक्क विकले. इंग्रजीसाठी एबीसी-ईएसपीएनने 10 कोटी डॉलर मोजले, स्पॅनिशसाठी युनिव्हिजनने 32.5 कोटी. मैदान तेच, खेळाडू तेच, कॅमेऱ्यातून येणारे चित्रही तेच. फरक फक्त समालोचनाच्या भाषेचा. 2010 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या, लोकांची संख्या 5 कोटी 5 लाख भरली, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक. त्या एकासाठी उरलेल्या पाचांच्या तिपटीहून जास्त भाव मिळाला. हे आकडे उलटे छापले गेलेत की काय असे वाटावे, पण तसे नाही. हा हिशेब अनेक वर्षांत तयार झालेला आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे 2022 चा विश्वचषक जिओसिनेमावर इंग्रजीखेरीज हिंदी, बंगाली, मल्याळम, तमिळमध्येही ऐकता आला, पण हक्क एकाच कंपनीकडे होते. भाषा किती द्यायच्या हा तिचा प्रश्न. अमेरिकेत फिफा मुळात भाषेनुसार हक्क वेगळे करून विकते. इंग्रजीचा करार निराळा, स्पॅनिशचा निराळा, बोली लावणारेही बहुधा निराळे. त्यामुळे कोणत्या भाषेचा प्रेक्षक किती मोलाचा, हे तिथे थेट डॉलरमध्ये दिसते.

इंग्रजी वाहिन्यांचे फुटबॉलशी कधी जमले नाही, त्याचे मोठे कारण जाहिराती. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल हे सगळे थांबत थांबत खेळायचे खेळ. दर थांब्याला साबण आणि मोटारी विकता येतात. इथे 45 मिनिटे चेंडू पळतच असतो. 1967 मध्ये सीबीएस या वाहिनीने एका नव्या व्यावसायिक लीगचे सामने दाखवायला घेतले, तेव्हा यावर जो तोडगा निघाला तो आज खरा वाटत नाही. पिट्सबर्गमधल्या एका सामन्यानंतर पंचाने सांगितले, की आपण दिलेल्या 21 फाउलपैकी 11 जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून दिले. बोभाटा झाल्यावर त्याने शब्द फिरवले, पण व्हायची ती शोभा होऊन गेली होती. सीबीएसचा त्या लीगमधला रस लवकरच संपला.

विश्वचषकाचे हाल याहून वेगळे नव्हते. 1966 चा इंग्लंड-पश्चिम जर्मनी अंतिम सामना एनबीसीने दाखवला, पण थेट नव्हे. सत्तरच्या दशकात थेट सामना पाहायचा तर तिकीट काढून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारख्या सभागृहात जायचे आणि मोठ्या पडद्यावर पाहायचे. येणारे बहुतेक स्थलांतरित: इटालियन, जर्मन, लॅटिन अमेरिकन. पैसे मोजून फुटबॉल पाहणारा ग्राहक तेव्हाही होता, फक्त नेटवर्कवाल्यांच्या हिशेबात तो नव्हता. 1982 चा अंतिम सामना एबीसीने थेट दाखवला, पण खेळ चालू असताना मध्येच जाहिराती घुसवल्या. 1986 मध्ये एनबीसी आणि ईएसपीएन यांनी मिळून वाटणी केली. मेक्सिकोतला तो विश्वचषक, मॅराडोनाचा, आपण इथे रात्री जागून दूरदर्शनवर पाहत होतो. शेजारच्या अमेरिकेत इंग्रजी प्रेक्षकाला मोठ्या वाहिनीवर त्याची चव मुख्यतः शनिवार-रविवारीच मिळत होती.

1990 मध्ये टर्नरच्या टीएनटी या केबल वाहिनीने 77.5 लाख डॉलर देऊन 24 सामने घेतले. अमेरिकेचा संघ 1950 नंतर पहिल्यांदाच पात्र ठरला होता. तरी टीएनटीनेही खेळ तोडून जाहिराती लावल्या. वैतागलेले इंग्रजी भाषिक शौकीन तेव्हा युनिव्हिजन लावू लागले. भाषा कळत नव्हती, पण सामना अखंड दिसत होता.

युनिव्हिजनचे मूळ 1961-62 मधले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एका केंद्रापासून सुरू झालेले हे स्पॅनिश जाळे आधी स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क म्हणून ओळखले जाई. पैसा आणि कार्यक्रम मुख्यतः मेक्सिकोच्या अझकारागा घराण्याकडून, म्हणजे पुढच्या टेलेव्हिसा या माध्यम कंपनीकडून येत. परदेशी मालकीवरून अमेरिकी नियामकाने आक्षेप घेतल्यावर ऐंशीच्या दशकात ते विकावे लागले आणि नाव बदलले. विश्वचषक मात्र या जाळ्याने सत्तरच्या दशकात धरला तो 2014 पर्यंत सोडला नाही. त्यांचे गणित साधे होते. लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन कुटुंबाला विश्वचषक हा चार वर्षांतून येणारा सण होता. त्या महिन्यात दुसरी वाहिनी लावायचा प्रश्नच नव्हता. जाहिरातदाराला असा बांधलेला प्रेक्षक दुसरीकडे कुठे मिळणार? ब्यूनस आयर्समध्ये जन्मलेला समालोचक आंद्रेस कँतोर 1987 मध्ये युनिव्हिजनमध्ये आला आणि त्याची श्वास संपेपर्यंत लांबणारी ‘गोऽऽऽल’ची आरोळी 1994 पर्यंत स्पॅनिश न येणाऱ्या अमेरिकनांनाही पाठ झाली.

दुसरे एक कारण हिशेबाच्या वह्यांत दिसत नाही, पण घराघरांत दिसत होते. ईएसपीएन केबलवर, महिन्याचे बिल भरून. युनिव्हिजनच्या स्थानिक केंद्रांसाठी छतावर किंवा खिडकीत अँटेना लावला की झाले. भाड्याच्या खोलीत चौघे-पाच जण राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, त्यात आपली मराठी पोरेही आली, विश्वचषक स्पॅनिशमध्येच परवडायचा.

4 जुलै 1988 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, फिफाने 1994 चे यजमानपद अमेरिकेला दिले. तेव्हा त्या देशात पहिल्या दर्जाची राष्ट्रीय व्यावसायिक मैदानी लीगसुद्धा नव्हती. जुनी एनएएसएल (नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग) 1984 चा हंगाम खेळून बंद पडली होती. यजमानपदासोबत नवी लीग काढण्याची अट आली आणि 1996 मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. टीव्हीच्या दृष्टीने 1994 ची मोठी कमाई म्हणजे जाहिरातींचा तोडगा. एबीसी-ईएसपीएनने खेळ तोडणे बंद केले आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी प्रायोजकांची चिन्हे आणली. आज ती पट्टी इतकी अंगवळणी पडली आहे की अमेरिकी प्रेक्षकाने तीस वर्षे तिच्यावाचून काढली होती हे लक्षातही येत नाही. मैदानांवर 35 लाख 87 हजार प्रेक्षक आले, तोवरच्या सगळ्या विश्वचषकांपेक्षा जास्त.

एवढे होऊनही इंग्रजी हक्कांचा भाव वाढला नाही, उलट 2002 च्या आधी तळ गाठला. कारणे उघड होती. 1998 मध्ये अमेरिकेचा संघ तिन्ही सामने हरून 32 संघांत शेवटचा आला होता. पुढची स्पर्धा कोरिया-जपानमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या वेळेने सामने रात्री अडीच, पहाटे पाच, सकाळी साडेसात. एबीसी-ईएसपीएनला नुकसान सोसून हक्क घ्यायचे नव्हते. फिफाच्या वतीने हक्क विकणाऱ्या किर्श या जर्मन कंपनीचेही दिवाळे वाजायला आले होते आणि एप्रिल 2002 मध्ये वाजलेच. विश्वचषक इंग्रजीत दिसेल की नाही, अशी वेळ आली.

तेव्हा पुढे आली ती मेजर लीग सॉकर, जिची स्वतःची अवस्था बेताची होती. त्याच सुमारास फ्लोरिडातले दोन संघ बंद करून ती दहा संघांवर आली आणि ते दहा संघ फिलिप अँशुट्झ, लमार हंट, रॉबर्ट क्राफ्ट अशा मोजक्या धनिकांच्या खिशावर चालत होते. या मंडळींनी सॉकर युनायटेड मार्केटिंग ही कंपनी काढली आणि 2002 व 2006 चे पुरुषांचे आणि 2003 चा महिलांचा विश्वचषक यांचे इंग्रजी हक्क 4 ते 5 कोटी डॉलरच्या दरम्यान विकत घेतले. ईएसपीएनने फक्त वेळ द्यायचा. जाहिराती विकायची आणि तोटा झालाच तर सोसायची जबाबदारी लीगची. बदल्यात लीगचे सामनेही त्या वाहिनीवर दिसत राहतील. बुडत्याने दुसऱ्याला हात द्यावा असाच हा प्रकार. माझ्या मते अमेरिकेतल्या या खेळाच्या इतिहासात मैदानावरच्या कोणत्याही गोलपेक्षा या सौद्याला महत्त्व आहे. युनिव्हिजनने त्याच दोन विश्वचषकांसाठी 15 कोटी मोजले होते. 2002 मध्ये अमेरिका उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली, वाटेत मेक्सिकोला हरवून, आणि लोक पहाटे उठून बारमध्ये जमले.

म्हणूनच 2005 चे 10 कोटी हे आधीच्या मानाने दुपटीहून जास्त होते आणि तरीही युनिव्हिजनच्या जवळपास पोहोचत नव्हते.

विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा घोळ आणखी निराळा. तिथे तेव्हा हक्क सामना भरवणाऱ्या देशाच्या फुटबॉल महासंघाचे असत. घरच्या सामन्याचे हक्क ज्याला वाटेल त्याला विकायचे. 10 ऑक्टोबर 2009 रोजी सॅन पेद्रो सुला इथे होंडुरासला 3-2 असे हरवून अमेरिकेने 2010 ची पात्रता पक्की केली. तो सामना अमेरिकेतल्या घरांत कुठल्याच वाहिनीवर नव्हता. होंडुरासकडून हक्क घेतलेल्या कंपनीने तो ठरावीक बार-रेस्टॉरंटांना क्लोज्ड सर्किटवर विकला. आपला देश विश्वचषकात पोहोचताना पाहायला अमेरिकी माणसाला, सत्तरच्या दशकातल्या स्थलांतरितांप्रमाणे, घराबाहेर पडून पैसे मोजावे लागले.

2010 चा अंतिम सामना दोन्ही भाषा मिळून 2 कोटी 43 लाख लोकांनी पाहिला; पुढे 2014 चा 2 कोटी 65 लाखांनी. इंग्रजी हक्क स्वस्तात पडले होते हे 2010 मध्येच सगळ्यांना दिसले. ऑक्टोबर 2011 मध्ये 2018 आणि 2022 साठी बोली लागली तेव्हा फॉक्सने 40 कोटींहून जास्त देऊन ईएसपीएन आणि एनबीसीला मागे टाकले. स्पॅनिश बाजूला टेलेमुंडो या दुसऱ्या वाहिनीने 60 कोटींच्या आसपास जाऊन युनिव्हिजनची मक्तेदारी मोडली. टेलेमुंडो एनबीसी-युनिव्हर्सलची, आणि तिच्या पाठीशी त्याच वर्षी ही कंपनी ताब्यात घेतलेल्या कॉमकास्ट या केबल कंपनीची थैली होती. स्पॅनिश अजून वरचढच, पण तिपटीचे अंतर दीडपटीवर आले.

मग कतारचा प्रश्न उभा राहिला. फॉक्सने 2022 चा विश्वचषक उन्हाळ्यातला समजून घेतला होता. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा ऐन हंगाम, आणि फॉक्सचा खरा धंदा तोच. फेब्रुवारी 2015 मध्ये फिफाने 2026 चे हक्क खुली बोली न लावता फॉक्स आणि टेलेमुंडोलाच देऊन टाकले. काही दिवसांतच कतारची स्पर्धा हिवाळ्यात न्यायची शिफारस आली. आम्हाला विचारलेही नाही, असे ईएसपीएनने जाहीरपणे सांगितले. ही भरपाई होती हे कोणी कागदावर लिहून दिले नाही, पण तारखा शेजारी ठेवल्या की वेगळे काही वाटत नाही. 2018 मध्ये 2026 चे यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांना मिळाले आणि ती भरपाई सोन्याची ठरली: घरची स्पर्धा, 48 संघ, 104 सामने.

2015 च्याच मे महिन्यात, 27 तारखेला, फुटबॉल पदाधिकारी उतरले होते त्या झुरिकच्या हॉटेलात पहाटे पोलीस घुसले. अमेरिकी न्याय खात्याच्या आरोपपत्राच्या केंद्रस्थानी हेच होते: प्रक्षेपण आणि विपणन हक्क मिळवण्यासाठी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉल पदाधिकाऱ्यांना दिलेली लाच. 2016 मध्ये अमेरिकेतच भरलेल्या कोपा अमेरिका सेंतेनारिओ या स्पर्धेचे हक्कही त्यात होते. ट्रॅफिक या ब्राझिली कंपनीचा मालक जोझे हाविला गुन्हा कबूल करून 15 कोटी 10 लाख डॉलर परत द्यायला तयार झाला. पुढे फॉक्सच्या दोन माजी अधिकाऱ्यांवरही ब्रुकलिनमध्ये खटला चालला. 2023 मध्ये एक निर्दोष सुटला; दुसरा दोषी ठरला, पण तो निकाल न्यायाधीशांनी रद्द केला आणि 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा लागू केला. कंपनी स्वतः आरोपी नव्हती.

फॉक्सच्या पदरात पहिला विश्वचषक पडला तो अमेरिकेविनाच. ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिका त्रिनिदादकडून हरली आणि 2018 ला बाहेर राहिली. टेलेमुंडोला तेवढी झळ लागली नाही. त्यांचा मेक्सिको रशियात होता आणि पहिल्याच सामन्यात जर्मनीला हरवून बसला होता.

या सगळ्या पैशांच्या खेळात महिलांचा विश्वचषक पुरुषांच्या गाठोड्यात वरकड म्हणून बांधून दिला जाई. त्याच वरकडाने इंग्रजी वाहिन्यांना सर्वांत मोठे आकडे दिले. 1999 चा अंतिम सामना एबीसीवर सुमारे 1 कोटी 80 लाखांनी पाहिला. 2015 मध्ये व्हँकुव्हरला अमेरिकेने जपानला 5-2 हरवले, कार्ली लॉइडने पहिल्या 16 मिनिटांत तीन गोल केले, आणि फॉक्सवर 2 कोटी 54 लाख प्रेक्षक होते. 2022 चा मेस्सीचा अंतिम सामना फॉक्सवर 1 कोटी 68 लाखांनी पाहिला, म्हणजे तिथवर तोही पोहोचला नाही.

2026 साठी फिफाने प्रत्येक सामन्याच्या प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांची पाणी पिण्याची विश्रांती ठरवली, हवा थंड असो वा गरम. कारण खेळाडूंच्या आरोग्याचे दिले आहे. 45 मिनिटांच्या मध्यावर ठरलेला थांबा मिळावा, ही वाहिन्यांची मागणी मात्र साठ वर्षांची.

भाषेच्या भिंतीला तडा गेला तो पुरुषांच्या नव्हे, महिलांच्या स्पर्धेत. डिसेंबर 2024 मध्ये नेटफ्लिक्सने 2027 आणि 2031 च्या महिला विश्वचषकांचे अमेरिकेतले हक्क घेतले, गाठोड्यातून सुटे काढलेले, इंग्रजी आणि स्पॅनिश एकत्र. त्यात इंग्रजीचा वाटा किती आणि स्पॅनिशचा किती, हे आता बाहेरून सांगता येत नाही. आणि खिडकीतल्या अँटेनावर हे सामने येणार नाहीत.