गिअरबॉक्स अदलाबदल

एका गाडीतला मॅन्युअल गिअरबॉक्स उतरवून तो दुसऱ्याच जातीच्या गाडीत बसवण्याची पद्धत. पिकअप ट्रकचा गिअरबॉक्स स्पोर्ट्स कारला, स्पोर्ट्स कारचा जुन्या ट्रकला, असे प्रकार अमेरिकेतल्या हौशी गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षे चालत आले आहेत. त्यातला सर्वांत ओळखीचा गिअरबॉक्स म्हणजे बोर्ग-वॉर्नर या अमेरिकन कंपनीचा पाच गिअरांचा टी-५.

टी-५ हा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चार गिअरांच्या टी-४वरून आला. अॅल्युमिनियमचे खोके, वजन साधारण ३४ किलो, मुख्य शाफ्ट आणि खालचा काउंटरशाफ्ट यांच्या मध्यांमधले अंतर ७७ मिलिमीटर. हाच गिअरबॉक्स शेव्हरोले एस-१० या छोट्या पिकअपला होता, जीप सीजेला होता, कमॅरो आणि फायरबर्डला होता, फोर्ड मस्टँगला होता आणि युरोपात सिएरा आरएस कॉसवर्थलाही होता. भंगार यार्डात तो सहज मिळतो, यामागचे कारण हेच. १९९६ मध्ये बोर्ग-वॉर्नरचा हा व्यवसाय ट्रेमेक या गिअरबॉक्स कंपनीकडे गेला.

जुन्या गाडीला तो बसवायचा हेतू बहुधा वेग वाढवणे नसतो, इंजिनाला विसावा देणे असतो. तीन गिअरांच्या जुन्या गाडीत सर्वांत वरचा गिअर १:१ असतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून बाहेरही एकच फेरा. त्यात हायवेवर इंजिन ३,००० आरपीएमवर भणभणत असेल, तर टी-५च्या ०.६८च्या पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला ते २,०४० वर येते. पेट्रोल वाचते आणि गाडीत बोललेले ऐकू येते.

सगळे टी-५ सारखेच, हा मात्र गैरसमज आहे. आतले यंत्र एका घराण्याचे असले तरी बाहेरची तोंडे वेगवेगळी असतात. बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या खोक्याला, बसणारे बोल्ट फोर्डचे वेगळे, शेव्हरोलेचे वेगळे. क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या इनपुट शाफ्टच्या खाचा मस्टँगला १०, एस-१०ला १४ आणि व्ही-८ कमॅरोला २६. त्यामुळे क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट इंजिनाच्या मापाची आणि क्लच प्लेटचा हब गिअरबॉक्सच्या मापाचा, अशी मोट बांधावी लागते. गिअरबॉक्सच्या मागून बाहेर येणाऱ्या शाफ्टला फोर्डमध्ये २८ खाचा, शेव्हरोलेत २७. हे आकडे त्या त्या कंपनीच्या जुन्या सी-४ आणि टीएच-३५० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जुळतात, म्हणून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचे योक नवे घ्यावे लागेलच असे नाही. कमॅरोचा गिअरबॉक्स आणखी हट्टी: तो ड्रायव्हरच्या बाजूला १७ अंश कललेला असतो आणि मागचा अॅक्सल पिळू न देणारा दांडा, म्हणजे टॉर्क आर्म, त्याच्या शेपटाला (मागच्या निमुळत्या टोकाला) टेकलेला असतो.

बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा. खरे तर आधी टेप लावून गिअरचा दांडा जमिनीतून कुठे वर येतो ते मोजावे. मस्टँग आणि कमॅरोत तो मागे, दोन सीटांच्या मधे येतो. सलग बाकासारखी सीट असलेल्या जुन्या शेव्हरोलेत नेमकी तिथे सीट असते. एस-१०चे शेपूट दांडा बराच पुढे काढते, म्हणून या साध्या पिकअपच्या सुट्या भागांना इतकी मागणी आहे. काही जण खोके मजबूत टी-५चे ठेवतात आणि शेपटाचे हाउसिंग, दांड्याची हालचाल आत पोचवणारी शिफ्ट रेल व दांडा एवढेच एस-१०चे लावतात.

गिअर रेशोतही ट्रक आणि स्पोर्ट्स कारचा स्वभाव दिसतो. चार सिलिंडरच्या एस-१०चा पहिला गिअर ४.०३, व्ही-८ मस्टँगचा ३.३५, व्ही-८ कमॅरोचा २.९५. मागच्या अॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा रेशो ३.७३ धरला तर ट्रकच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर एकूण १५ पट भरतो. तो ओझे ओढायला छान, पण हलक्या गाडीत चाक हलले की लगेच दुसरा टाकावा लागतो.

ताकदीचे म्हणाल तर १९८५ मध्ये मस्टँगला ‘वर्ल्ड क्लास’ टी-५ आला. गिअरांखाली नीडल बेअरिंग, काउंटरशाफ्टला टेपर रोलर बेअरिंग आणि गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगला अस्तर. त्यात जाड गिअर ऑइल नव्हे, ऑटोमॅटिकचे पातळ ऑइल घालतात. कंपनीने ठरवलेली मर्यादा २६५ पाउंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) होती, पुढे ती ३०० झाली. मस्टँगचे ५.० लिटरचे इंजिनच १९८७ पासून ३०० पाउंड-फूट देत होते, म्हणजे राखीव असे फार काही नव्हते. क्लच झटक्यात सोडायची सवय असेल, तर तिसऱ्या गिअरचे दाते आधी जातात.

बसवताना खरी परीक्षा होते ती इंजिनाचा क्रँक आणि बेल हाउसिंगचे भोक यांचे मध्य जुळवण्यात. काट्याचे मापयंत्र, म्हणजे डायल गेज, फ्लायव्हीलवर चुंबकाने चिकटवून क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. गेजचे टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेवरून फिरते. काट्याचा फेरा इंचाच्या शंभराव्या भागापेक्षा, म्हणजे ०.०१० इंचापेक्षा, जास्त गेला तर मध्य चुकला. मग मध्यापासून सरकवलेल्या जागा-पक्क्या करणाऱ्या खुंट्या (डॉवेल पिन) घालून बेल हाउसिंग सरकवावे लागते. हे टाळले तर गिअर पडताना कुरकुरतात, आपोआप सुटतात आणि इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे, क्रँकच्या टोकातले पायलट बेअरिंग लवकर खिळखिळे होते. दोष मात्र गिअरबॉक्स विकणाऱ्याच्या माथी येतो.

जपानी गाड्यांतही ट्रक आणि स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सचे हे नाते आहे. तिसऱ्या पिढीच्या टोयोटा सुप्रा टर्बोचा आर-१५४ आणि टोयोटा पिकअपचे आर-१५० व आर-१५१ एकाच घराण्यातले. जीपला लागणारा, आयसिन या जपानी कंपनीचा एएक्स-१५ त्यांचाच भाऊ. पहिला गिअर सुप्रात ३.२५, आर-१५०मध्ये ३.८३, तर आर-१५१मध्ये ४.३१.

सगळे बसल्यावर शेवटी राहतो स्पीडोमीटर. केबलवर चालणाऱ्या काट्याला गिअरबॉक्सच्या शेपटातला छोटा प्लास्टिकचा गिअर फिरवतो. नव्या डिफरन्शियल आणि टायरच्या मापाने त्याचे दाते मोजून तो बदलावा लागतो, नाहीतर गाडी ८० वर असताना काटा भलतेच दाखवतो.